भिंतीवरली

आशाबाईच्या खानावळीत पालीचं नाव घ्यायला बंदी होती. घ्यायचीच वेळ आली तर 'भिंतीवरली' म्हणायचं. नव्या पोराला जुनी पोरं पहिल्याच दिवशी हे सांगून ठेवत. कारण एखादा चुकून बोलून गेला, "मावशी, ती बघा पाल," की आशाबाई तव्यावरची पोळी जळू देऊन आधी त्याच्याकडं बघे, आणि त्या दिवशी त्याला दुसऱ्यांदा भात मिळत नसे.

बंदी एवढ्यावर थांबली असती तर कुणाची तक्रार नव्हती. पण एकदा ठरवलेलं अर्ध्यावर सोडणारी ती बाई नव्हे. नाव नको म्हटल्यावर ते जिथं जिथं दडून बसलंय तिथून तिनं ते हुसकून काढलं होतं. खानावळीच्या दाराशी एक काळा फळा होता आणि त्यावर आशाबाई स्वतःच्या वाकड्यातिकड्या अक्षरात रोजची भाजी लिहायची. मेथी, शेपू, वांगं, बटाटा सगळं लिहिलं जाई. पालक असला की मात्र फळ्यावर 'हिरवी भाजी'. औरंगपुऱ्यातल्या भाजीवालीलाही त्याची सवय झाली होती. जुडी पुढं करून ती म्हणायची, "घ्या, तुमची हिरवी." टीव्हीवर पालकमंत्री आले की नवरा मुद्दाम आवाज वाढवायचा आणि आशाबाई टीव्हीच बंद करायची. मला राजकारणाचा कटाळा हाय, असं ती चारचौघांत सांगे.

हा नवरा म्हणजे कारभारी. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होता. कारखाना बंद पडला तेव्हा घरी बसून त्यानं पंखे, मिक्सर, शेजाऱ्यांची कुलपं, जे हाती लागेल ते उघडून ठेवलं. त्यातलं निम्मंच परत बंद झालं. घर चालवायला आशाबाईनं औरंगपुऱ्याच्या बोळात दोन खोल्यांत खानावळ काढली, ती चांगली चालली, आणि कारभारी गल्ल्यावर बसू लागला. नाव नवऱ्याचं कारभारी, पण कारभार बाईचा, असं गल्लीत सगळे म्हणत आणि कारभारी ते सर्वांत मोठ्यानं म्हणे.

बाकी आशाबाई भ्यायची कुणाला? बोळात साप निघाला तर काठी घेऊन आधी ती पुढं. दारू पिऊन जेवायला आलेल्या एका आडदांड माणसाला तिनं पळी दाखवूनच वाटेला लावलं होतं. अशी बाई भिंतीवर काही सरपटलं की खाली मान घालून पोळ्या लाटत राही. वर बघतच नसे. कामून, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारभाऱ्यालासुद्धा नाही. त्यानंही खोदून विचारलं नव्हतं. बायकोच्या मनातलं एखादं कुलूप बंदच बरं, एवढं त्या उघडझाप करणाऱ्याला कळत होतं.

दोन वर्षांपूर्वी मेघा जेवायला येऊ लागली. पैठणकडची पोर, विद्यापीठात शिकायला आलेली. काय शिकते म्हणून आशाबाईनं विचारलं तर म्हणाली, "नॅनो."

"ती बारकी गाडी निघाली व्हती, ती?"

"गाडी नाही मावशी. लई बारीक गोष्टींचं शास्त्र. केसाचे हजारो उभे भाग केले ना, तेवढं बारीक."

"मंग दिसतं कसं?"

"डोळ्यांना नाहीच दिसत. त्याची मशिनं असतात."

न दिसणाऱ्या गोष्टीसाठी आईबाप पोरीला शहरात ठेवतात, याचं आशाबाईला नवल वाटलं. पुढं पुढं तर तिचा गोंधळ वाढतच गेला. मेघाला शिकवायला एक सर पदार्थविज्ञानाचे, एक मॅडम रसायनाच्या, बरोबरची एक मैत्रीण वनस्पतिशास्त्र सोडून आलेली. कधी फुलपाखराच्या पंखाला रंग कशामुळं येतो ते चाललेलं, कधी कोळ्याचं जाळं. "तुमचं नेमकं दुकान कशाचं हाय, ते तरी ठरवा की," आशाबाई म्हणायची. मेघा म्हणे, निसर्गानं बारीक कारागिरी करून ठेवलीय मावशी, आम्ही नुसती नक्कल मारतो. आणि त्या कारागिराला माहीतच नाही पदार्थविज्ञान कुठं संपतं अन् रसायन कुठं सुरू होतं, म्हणून आम्हालाही सगळीकडं हिंडावं लागतं.

हे बोलणं आशाबाईला पटलं ते अळूवड्यांच्या दिवशी. ती नळाखाली अळूची पानं धूत होती आणि पाणी पानावरून घरंगळून जात होतं. मेघा शेजारी उभी. म्हणाली, "मावशी, अळवावरचं पाणी म्हणतो ना आपण, ते का थांबत नाही सांगू? पानावर मेणाचे बारीक बारीक कण असतात. थेंबाला पान नीट लागतच नाही, तो त्या कणांच्या टोकांवर उभा राहतो. म्हणून जाताना धूळही घेऊन जातो." आशाबाईनं पान उजेडात धरून पाहिलं. आयुष्यभर वड्या केल्या, पण पानाकडं अशी नजर कधी गेली नव्हती. त्या दिवशी मेघाला दोन वड्या जास्तीच्या मिळाल्या.

मग ऐन थंडीत मेघा एक बाटली घेऊन आली. पानाची नक्कल मारून तिनं एक लेप बनवला होता. त्यात असं रसायन होतं की पाणीच काय, तेलही धरत नव्हतं. काचेच्या तुकड्यांवर झालं तेवढं कौतुक पुरे, आता धूर, वाफ, फोडणी असलेल्या खऱ्या जागी टिकतो का बघा, असं सर म्हणाले होते. खऱ्या जागेची आशाबाईकडं काय कमी? स्वयंपाकघराच्या छताला, ओट्याच्या वर, ट्यूबलाइटच्या कडेला तेलकट काळ्या थराचं राज्य होतं. मेघानं स्टुलावर चढून चटईएवढी जागा खरवडली, पांढरी केली आणि तिला लेप दिला. झालं. बाकी छत काळं आणि तेवढाच चौकोन चकचकीत. येईल त्याला आशाबाई तो मान वर करून दाखवायची, "हात लावू नका, इद्यापीठाचं काम हाय." थंडी होती, भिंतीवरल्या सांदीकोपऱ्यात दडलेल्या होत्या, म्हणून तिला मान वर करता येत होती.

थंडी सरली आणि कारभाऱ्याला जिना चढताना धाप लागू लागली. आधी तो म्हणाला गॅसेस आहेत. मग म्हणाला जिनाच उंच झालाय. शेवटी मुलगा विश्वजीत, बिडकीनला कंपनीत कामाला असलेला, सुट्टी टाकून आला आणि बापाला जालना रोडवरच्या दवाखान्यात घेऊन गेला. हृदयाच्या तीन नळ्या तुंबलेल्या निघाल्या. डॉक्टर म्हणाले, बायपास करावी लागेल, येत्या गुरुवारी करू, बुधवारी भरती व्हा आणि उशीर करू नका. उशीर केला तर काय, हे त्यांनी कारभाऱ्याला बाहेर पाठवून सांगितलं. आशाबाईनं ते ऐकलं, मान हलवली आणि घरी येऊन नेहमीसारखी कणीक भिजवली. ती तयार होती.

सोमवारी संध्याकाळी पोरांची पहिली पंगत बसली होती. आशाबाई ओट्याशी उभी राहून आमटीला फोडणी देत होती. वरून काहीतरी थंड, मऊ, वळवळतं तिच्या डोक्यावर पडलं, अंबाड्यावरून मानेवर आलं, आणि टुणकन उडी मारून डब्यांमागं गेलं.

पोरांनी नंतर सांगितलं, मावशी ओरडल्या नाहीत. त्यांनी गॅस बंद केला, न्हाणीत गेल्या आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घेतलं. देवापुढं दिवा लावला. मग ओल्या अंगानंच विश्वजीतला फोन केला, "इशू, गुरुवारचं रहित कर. ह्यांना कापायचं नाय."

विश्वजीत मंगळवारी सकाळीच धावत आला. समजावलं, मग ओरडला, मग हात जोडले, आणि दवाखान्याला काही न कळवता, न जेवताच परत गेला. कारभारी मधे पडला नाही. कापून घ्यायची त्याला कुठं हौस होती? "अपने को क्या," तो गल्ल्यावरून म्हणाला, "मालकीण म्हणंल तसं." पण दुपारी वरच्या खोलीत झोपायला जाताना तो जिन्याच्या मधोमध बसला, तो बराच वेळ उठला नाही. आशाबाईनं खालून ते पाहिलं. तरी तिचा निर्णय हलला नाही, कारण त्याला वाचवायचं म्हणूनच तर तो घेतलेला होता.

संध्याकाळी मेघा पंगतीच्या आधीच आली. कारभाऱ्यानं तिच्या कानात झाला प्रकार सांगितला. पोर तरणी, त्यात शास्त्र शिकलेली, ती थेट स्वयंपाकघरात शिरली.

"मावशी, ही अंधश्रद्धा आहे. आमच्या घरात असलं कुणी मानत नाही."

"तुमच्या घरातलं तुमच्या घरात. ताट घे अन् बस."

"पण काकांच्या जिवाचा प्रश्न आहे."

"म्हणूनच म्हणते. लई शिकलीस, माहीत हाय मला. बस."

एवढं बोलणं होतंय तोच वरून दुसरी पडली. ओट्यावरच्या परातीत, मळून ठेवलेल्या कणकेवर, पाठीवर. क्षणभर पाय हवेत हलवून ती सुलटी झाली आणि पसार झाली. आशाबाई पुन्हा न्हाणीत गेली, पुन्हा डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओलेत्यानं मागच्या दाराच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. मेघा टॉवेल घेऊन मागोमाग गेली. ती शेजारी टेकली, तेव्हा आशाबाई बोलू लागली.

आशाबाई तेरा-चौदा वर्षांची असताना, बिडकीनच्या अलीकडं त्यांच्या वस्तीवर दसऱ्याची तयारी चालली होती. सगळं घर चुन्यानं पांढरं केलेलं. दसऱ्याच्या दिवशी तिनं नवा हिरवा परकर घातला, सोनं वाटायला निघाली आणि देवळीपाशी केस विंचरताना डोक्यावर भिंतीवरली पडली. चुलती नेहमी सांगायची, डोक्यावर पडली तर घरातल्या माणसावर येतं. अंगावरच्या कपड्यानिशी आंघोळ करायची, थोरल्यांना सांगायचं, देवापुढं दिवा लावायचा. पण आंघोळ केली तर परकर भिजणार, आणि मैत्रिणी तर दारात थांबलेल्या. तिनं केस झटकले आणि कुणाला न सांगता गेली. तिचा थोरला भाऊ पुंजाराम, ज्यानं तो परकर आणला होता, पुढच्याच आठवड्यात विहिरीवर मोटर चालू करायला गेला आणि शॉक लागून तिथंच गेला.

"दादाला खाऊन बसले मी," आशाबाई म्हणाली. "परकरापायी. आईला सुदिक सांगितलं नाय. आई गेली तवाबी नाय सांगितलं. आता ह्यांच्या टायमाला गप बसू म्हणतीस?"

मेघानं मावशीची पाठ पुसली. आत जाऊन कणीक टाकून दिली, परात घासली. घासता घासता तिची नजर वर गेली. ट्यूबलाइटच्या कडेचा तो चकचकीत चौकोन. बरोबर त्याच्याखाली परात होती.

"मावशी," तिनं आतूनच विचारलं, "काल तुम्ही कुठं उभ्या होतात?"

"तिथंच. तू हायेस तिथं."

"आणि याआधी कधी पडली होती? या घरात?"

"कधीच नाय. एवढी वरसं झाली."

मेघाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि त्या घरात हा शब्दप्रयोग मनातच ठेवलेला बरा. तिला कळून चुकलं होतं की गुरुवारचं ऑपरेशन भिंतीवरलीनं थांबवलेलं नाही. ते आपणच थांबवलंय, एका बाटलीनं. सांगितलं तर मावशी पुन्हा उंबरा ओलांडू देतील की नाही, कोण जाणे. ती बाहेर आली आणि एका दमात म्हणाली, "मावशी, चूक माझी आहे."

"तुझी कशी? तू पाडली का तिला?"

"मी नाही. मी लावलेल्या लेपानं पाडली. मी सांगते म्हणून मानू नका. आत या आणि एकदा वर बघा फक्त."

हे सोपं मागणं नव्हतं. वर भिंतीवरली असताना आशाबाईनं चाळीस वर्षांत मान वर केली नव्हती. पण मागून कारभारी म्हणाला, "चल की, मी हाय ना," आणि तिनं त्याचा दंड धरला. कोण कुणाला आधार देत होतं ते सांगणं अवघड. तिघं स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

ट्यूबलाइटपाशी चिलटं जमली होती. काळ्या छतावरून एक भिंतीवरली आली, उलटी, निवांत, जणू छतच तिची जमीन. चौकोनाच्या कडेला थबकली. पुढचा एक पाय चकचकीत भागावर टाकला. पाय सरकला. तिनं तो मागं घेतला, बोटं दुमडून पुन्हा टाकला, पुन्हा सरकला. मग एक पाखरू चौकोनाच्या मधोमध येऊन बसलं आणि तिला राहवलं नाही. ती धावली, चारही पाय सुटले, आणि पचकन ओट्यावर पडली. उठली, भिंत धरून सरसर वर गेली. काळ्या भागावर गेल्यावर पुन्हा जशीच्या तशी घट्ट.

"आयला," कारभारी म्हणाला, "पाय घसरला बिचारीचा."

आशाबाईनं नवऱ्याचा दंड सोडला नव्हता, पण मानही खाली घातली नव्हती. "दरवर्षी धरती ती," ती हळूच म्हणाली. "आत्ताच कामून नाय?"

मग मेघानं सांगितलं. तिच्या पायाला डिंक नसतो की काटे नसतात. बोटांखाली लाखो केस असतात, आणि प्रत्येक केसाच्या टोकाला आणखी शेकडो फाटे, नॅनोच्या मापाचे. ते भिंतीच्या इतक्या जवळ जातात की भिंत त्यांना आपसूक ओढून धरते. जगात कुठल्याही दोन गोष्टी फार जवळ आल्या की थोडी ओढ लागतेच. एकेकाची ओढ काहीच नाही, पण लाखोंची मिळून हिचं वजन पेलते. लेपातलं रसायन असं आहे की ते कुणालाच ओढत नाही. पाण्याला नाही, तेलाला नाही, आणि हिलाही नाही. "माझ्या डोक्यातच आलं नाही मावशी. आम्हाला वर्गात पानही शिकवलं आणि हीसुद्धा शिकवली. वेगवेगळ्या तासांना."

आशाबाईनं चौकोनाकडं बोट केलं. "पान कुणाला धरू देत नाय, अन् ही कुणाला सोडत नाय," ती म्हणाली. "अन् दोघांची गाठ तू माझ्या डोक्यावर घातली व्हय गं?"

मेघा हसली नाही. तिला वाटलं, आता खानावळ बंद झाली आपल्याला. पण आशाबाई रागावलेली नव्हतीच. ती कुठंतरी लांब गेली होती. उंबऱ्याकडं, त्याच्याही पलीकडं.

"अन् चुन्यावर?" तिनं विचारलं.

"काय?"

"नवा चुना. हात लावला की हाताला लागतो असला. त्याच्यावर धरती का ती?"

मेघाला माहीत नव्हतं. हो म्हणून टाकावं असं तिला फार वाटलं, पण तिनं खरं तेच सांगितलं. "माहीत नाही मावशी. उद्या विचारून येते. खोटं नाही सांगणार." आशाबाई म्हणाली बरं, आणि नवीन कणीक भिजवायला घेतली, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठात एका पालीनं तीन खाती हिंडवली. पदार्थविज्ञानाचे सर म्हणाले, ओढ मी सांगेन, पण चुन्याचं रसायनवाल्यांना विचार. रसायनाच्या मॅडम म्हणाल्या, चुना मी सांगेन, पण पाल काय करते ते प्राणिशास्त्रात विचार. प्राणिशास्त्रातले जाधव सर चहा पीत होते. त्यांनी प्रश्न ऐकला आणि कप खाली ठेवून सगळं नीट सांगितलं. मेघा तास सोडून रिक्षानं औरंगपुऱ्यात आली तेव्हा आशाबाई लसूण सोलत बसली होती.

"नाही धरत, मावशी. सुट्टी पूड असली की ती पायाच्या केसांना चिकटते, भिंतीपर्यंत केस पोचतच नाहीत. मग घसरते. काही पावलं चालली की पाय आपोआप साफ होतात, पण तोवर ती पडू शकते."

आशाबाईनं हातातली लसणाची पाकळी खाली ठेवली.

"त्या दिवशी घर नुकतं पांढरं केलं होतं ना? तुम्हीच म्हणालात. तिचे पाय चुन्यानं भरले, ती घसरली, आणि तुम्ही खाली होतात, एवढंच. दादा मोटरीच्या शॉकनं गेले, मावशी. तुम्ही आंघोळ केली असती तर फक्त परकर भिजला असता."

आशाबाई रडली. पदर तोंडाशी न नेता, आवाज न दाबता, जशी ती दादाच्या वेळी रडायला हवी होती आणि रडू शकली नव्हती. तेव्हा तिला वाटलं होतं, आपल्याला रडायचा हक्क नाही. कारभारी गल्ला सोडून तिच्याजवळ येऊन बसला. काय झालं ते त्याला अर्धंच कळलं होतं, पण त्यानं तिच्या पुढ्यातला लसूण ओढून घेतला आणि सोलू लागला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

"तिला काय निरोप द्यायचा नव्हता, व्हय ना?" आशाबाईनं डोळे पुसत विचारलं.

"नव्हता," मेघा म्हणाली.

"सोताला सावरता येईना जिला, ती मला काय सांगणार." आशाबाईनं मोठा श्वास घेतला. छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं तिला हलकं वाटत होतं, आणि इतकं हलकं वाटायची सवय नसल्यानं ती थोडी गांगरली. मग उठली, मोरीवर तोंड धुतलं आणि खुंटीवरची पिशवी काढली. "उठा. इशूला फोन लावा, भरती व्हायचंय."

"म्हंजी कापणारच?" कारभारी म्हणाला. दोन दिवसांत तो बऱ्यापैकी आशेला लागला होता.

"तर काय. नळ्या तुंबल्यात. मिक्सर उघडता तवा नाय वाटलं काय?"

गुरुवारी ऑपरेशन लांबलं. बाहेरच्या बाकावर विश्वजीत, मेघा आणि आशाबाई बसून होती. समोरच्या भिंतीवर, घड्याळाच्या वर, एक भिंतीवरली होती. आशाबाईची नजर सारखी तिच्याकडं जात होती. "सुटू नको गं बाई," ती पुटपुटली, आणि मेघा बघतेय हे कळल्यावर म्हणाली, "तिच्यासाठी म्हणते. उंच हाय लई." सवय अशी एका दिवसात थोडीच जाते? पण भीती गेली होती. नवऱ्याची काळजी होती, ती सगळ्या बायकांना असते तेवढीच, तिच्यामागं आता दुसरं काही लपलेलं नव्हतं. डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचा कपडा खाली केला आणि म्हणाले, "छान झालं. काळजीचं काही नाही." विश्वजीत भिंतीला टेकून खाली बसला. आशाबाईनं डॉक्टरांना विचारलं, ह्यांना खायला काय काय चालेल, आणि ते सांगत गेले तसं ती बोटांवर मोजत गेली.

कारभारी घरी आला तेव्हा त्याच्यासाठी खाट खालीच टाकली होती. मेघा चौकोन खरवडायला स्टूल घेऊन आली, तर आशाबाईनं अडवलं. निम्मा ठेव, म्हणाली, तेलाचं बरं पडतं. दिव्याकडचा निम्मा काढ, भिंतीवरल्यांना यायजायला वाट पाहिजे. मेघानं सरांना तसंच सांगितलं, आणि सरांनीही ते हसत हसत मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरं जेवायला आली आणि फळ्यापाशी घुटमळली. आत कुणी शिरेना. एकमेकांना ढोसू लागली, तू विचार, तू विचार. फळ्यावर आशाबाईच्या वाकड्यातिकड्या अक्षरात, नेहमीपेक्षा जरा ठळक, लिहिलं होतं: पालक.

शेवटी शिवम नावाचा एक धीट पोरगा दारातून डोकावला. "मावशी, आज भाजी..."

"पालक हाय," आशाबाई तव्यावरून मान न वळवता म्हणाली. "वाचता येत नाय का? अन् हे बघ, ती वरली पाल तुझ्या ताटात बघती म्हणून लाजू नको. भात दुसऱ्यांदा पाहिजे का, ते आधी सांग."

खाटेवर कारभारी हसला. हसताना छातीचे टाके दुखले, म्हणून त्यानं दोन्ही हातांनी छाती धरली आणि तरी हसतच राहिला.